सम इथं आहे, काका

मी पन्नाशीला टेकले तेव्हा पुण्यात जो तो काही ना काही कोर्स करत होता. नारायण पेठेतल्या आमच्या एवढ्याशा गल्लीत तीन कॉम्प्युटर क्लास निघाले. मुलगा त्यातल्याच एकातून शिकला आणि बंगलोरला पळाला. घरात मी, नवरा आणि हार्मोनियम असे तिघं उरलो. त्यातली हार्मोनियम जरा तरी बोलायची. मग मीही कोर्स केला, संगीतोपचाराचा, सहा रविवारांचा. पंचवीस वर्षं मुलींना गाणं शिकवल्याची घमेंड गाठीला होतीच. नातवंडांना मी हे सगळं सांगत नाही. आजी जन्मतःच शहाणी होती असा त्यांचा समज आहे, तो मी कशाला बिघडवू?

कोर्समध्ये खरं तर एकच गोष्ट शिकवली. ज्याची वाचा गेली आहे तो जे वाजवेल ते ऐकायचं आणि तसंच त्याला परत वाजवून दाखवायचं. तिथून बोलणं सुरू होतं. हे मी वहीत सुंदर अक्षरात उतरवलं आणि खाली दोन रेघा ओढल्या. माझं अक्षर नेहमीच माझ्या डोक्यापेक्षा चांगलं होतं.

कोथरूडच्या एका बंगल्यात उपचार केंद्र होतं, तिथे मी आठवड्यातून दोनदा जाऊ लागले. स्मरण गेलेल्या एक आजी, जन्मापासून न बोलणारी एक मुलगी, अशी तऱ्हेतऱ्हेची माणसं यायची. त्यात हे काका आले. काका म्हणजे आपली तिथली पद्धत. ते माझ्याहून दोन वर्षांनी लहान होते. प्रेस मशीनवर आयुष्य काढलं, कारखान्याने व्हीआरएस देऊन घरी बसवलं आणि वर्षाच्या आत अर्धांगवायू. उजवा हात गेला, शब्द गेले. हो-नाहीला मानसुद्धा उलटसुलट हलायची. बायको त्यांना वाघोलीहून दोन बस बदलून आणायची, कमरेला पट्टा बांधून, तो धरून.

केंद्राच्या डॉक्टरीणबाईंनी पहिल्याच दिवशी सांगितलं, "तीन महिने बघू. काही संवाद दिसला तर जागा कायम. नाहीतर रांगेत बरेच आहेत." म्हणजे जागा गेली की वाघोलीची खोली आणि खाट.

बायको मला म्हणाली, "बाई, आमच्या वस्तीत जयंतीला गायन पार्टी असते ना, त्यात हे ढोलकीवर असायचे."

"असं का? इथं मात्र शास्त्रीय असतं हं," मी म्हणाले. जसा काही माणूस गंडा बांधायला आला होता.

मी त्यांच्या डाव्या हाताशी खंजिरी ठेवली, स्वतः दुसरी घेतली आणि चार ठोके दिले. ते थांबले. मग माझ्या ठोक्यांच्या मधल्या जागांत त्यांनी तीन झटपट थापा मारल्या आणि अर्ध्या चेहऱ्याने हसले. दारात उभ्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "वा! हे तर उत्तर देतायत!"

मला ऐकू काय आलं, तर मात्रा चुकली.

सम म्हणजे तालाची पहिली मात्रा, सगळ्यांनी एकत्र येण्याची जागा. मी त्यांचं मनगट धरलं. "सम इथं आहे, काका. पुन्हा." या 'पुन्हा'ने पंचवीस वर्षांत कितीक मुली रडल्या होत्या, एकीने तर सुटकेसाठी लग्न केलं असं तिची आईच सांगायची.

काका सहजासहजी वळले नाहीत. एकदा त्यांनी एक थाप मारली, बराच वेळ गेल्यावर दुसरी, आणि हनुवटी खिडकीकडे केली.

"लक्ष इकडे," मी म्हणाले.

बायको उठली आणि तिने पडदा ओढला. त्यांच्या डोळ्यांवर ऊन येत होतं.

"तुम्ही मध्ये मध्ये करू नका. त्यांची एकाग्रता जाते," मी तिला म्हणाले. ती पुढच्या वेळेपासून बाहेर बाकावर बसली.

तिसऱ्या महिन्यात काका चारच्या चार गटांत सोळा मात्रा अशा वाजवायला लागले की त्यांचं प्रेस मशीनही लाजलं असतं. मी शेजारीपाजारी सांगत सुटले.

ठरल्या दिवशी डॉक्टरीणबाई समोर येऊन बसल्या. मी चार दिले, काकांनी चार दिले. मग बाईंनी माझी खंजिरी घेतली, मुद्दाम भलत्याच ठिकाणी एक थाप मारली आणि वाट पाहिली. काका गोठले. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, चालेल का म्हणून. मग मोजून चार ठोके दिले.

"पहिल्या दिवशी हे बोलत होते," बाई म्हणाल्या.

"तेव्हा बेताल होते," मी म्हणाले. अभिमानाने, बरं का!

"अस्सं. मग परीक्षेला बसवा त्यांना. पहिल्या वर्गात येतील."

कागदावर त्यांनी लिहिलं: नक्कल करतात, संवाद नाही. जागा गेली.

बाहेर बायकोला सांगायला मला पाठवलं. मी चेहरा लांब केला. "डॉक्टरांचा निर्णय. माझ्या हातात काही नसतं."

ती म्हणाली, "बरं बाई. एक विचारू? घरी हे खाटेच्या पाइपवर वाजवायचे. पाण्याला वेगळं, लघवीला वेगळं, माझ्यावर चिडले की तर फारच वेगळं. मला सगळं समजायचं. आता सगळ्याला एकच वाजवतात. चार, चार, चार, चार. काहून असं? गोळ्यांनी होतं का?"

"हो," मी म्हणाले, "गोळ्यांनीच असेल."

"मग बंद करू का त्या?"

"छे छे! गोळ्या अजिबात बंद करायच्या नाहीत." खरं काय ते सांगायला हीच वेळ होती. मी घड्याळात पाहिलं.

तिने पट्टा आवळला. "चला हो." काका उठेनात. त्यांनी खुर्चीच्या हातावर चार ठोके दिले.

"पाणी?"

चार ठोके.

"बाथरूम? काही दुखतंय?"

चार ठोके. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. ती त्यांच्या तोंडाकडे बघत राहिली, आणि मी, मागे उभी, सवयीने मात्रा मोजत होते. एकही चुकली नव्हती.