छपरावरचा चेंडू

त्या रविवारी सकाळी मी शेतावरच्या पंपाच्या खोलीला शिडी लावत होतो. शिडी मांडववाल्याची, बांबूची आणि भलतीच जड. पळसदरीच्या नाक्यावरून ती शेतापर्यंत आणताना माझ्या खांद्याची सालटं निघाली. हे सगळं कशासाठी, तर शब्बीरला छपरावर चढून गोल्फचा एक फटका मारायचा होता म्हणून! आदल्या संध्याकाळी त्याने फोनवरून हुकूम सोडला होता, "मास्तर, उद्या शिडी लावून ठेव. उद्या नक्की मारतो." हे 'नक्की' मी किती आठवडे ऐकत होतो. त्यामुळे फोन वाजला आणि त्याचं नाव दिसलं तेव्हा माझं टाळकंच सटकलं. हॅलोसुद्धा न म्हणता मी विचारलं, "बोल, आज काय नवीन कारण?"

पलीकडे त्याचा मुलगा इम्रान होता. म्हणाला, "काका... अब्बा गेले. पहाटे, झोपेतच."

मी शिडीच्या खालच्या पायरीवर बसलो. आधी दुःख झालं असं लिहायची रीत आहे. मला आधी राग आला. या माणसाने शेवटी पुन्हा एकदा माझ्या हातावर तुरी दिल्या, असंच मला वाटलं. डोळ्यांत पाणी आलं ते नंतर, आणि तेही मला न विचारता.

शब्बीर माझा खोपोलीच्या शाळेतला दोस्त. शिळफाट्यावर त्याचं पाइप, नळ आणि कौलांचं दुकान. मी खालापूर तालुक्यातल्या एका शाळेत खेळाचा शिक्षक होतो, आता निवृत्त. जन्मभर पोरांना शिट्टी मारून नियम शिकवले, खो-खोचे संघ जिल्ह्याला नेले, आजही सकाळी पळतो. शब्बीरला दुकानाच्या पायऱ्या चढताना धाप लागायची, आणि पोट असं की स्वतःच्या चपला त्याला वाकून बघाव्या लागत. आणि हा माणूस मला दर वर्षी गोल्फमध्ये हरवत असे! हे मी अजून नीट पचवलेलं नाही.

गोल्फ आमच्याकडे आला तो पाइपांच्या मागून. खालापूरच्या बाजूला डोंगराच्या पायथ्याशी एका बड्या रिसॉर्टचं गोल्फचं मैदान आहे. तिथल्या हिरवळीला पाणी द्यायचे पाइप शब्बीरने पुरवले. पाइप बसवले जाईपर्यंत हा तिथे उभा राहून खेळ बघायचा. एका साहेबाचा चेंडू झाडाच्या मुळाला जाऊन टेकला. साहेब कुरकुरायला लागले, तर बरोबरचा म्हणाला, जिथे पडला तिथूनच मारायचा. बस्स! तेवढा एक नियम आणि तिथल्या लोकांनी टाकून दिलेल्या काठ्यांची एक पिशवी घेऊन शब्बीर माझ्या दारात हजर. "मास्तर, भात कापून झाला ना? मग तुझी खाचरं मोकळीच हायत की."

खाचरं मोकळी नसतात. भातानंतर आम्ही तिथे वाल पेरतो. माझी बायको सुमन हे त्याला शांतपणे सांगायला गेली, आणि परत आली तेव्हा अर्धं शेत गोल्फला देऊन आली होती. शब्बीरचं बोलणंच तसं होतं. दुकानातले चार इंची पाइपचे तुकडे कापून त्याने जमिनीत पुरले, ते झाले खड्डे. त्यांत सुमनच्या जुन्या साड्यांची फडकी काठीला बांधून रोवली. प्रत्येक खड्ड्याभोवती खळ्यासारखा गोल शेणाने सारवून घ्यायचा, म्हणजे चेंडू सरळ जातो. सारवायचं कोणी? मी. कारण शेत माझं! बाकी सगळीकडे भाताची धसकटं, दर वीस पावलांवर बांध, मधून जाणारा पाट, कडेला निवडुंगाचं कुंपण आणि शेजाऱ्याच्या म्हशी. त्या रिसॉर्टातल्या एखाद्या साहेबाला आमच्या मैदानावर आणून सोडलं असतं तर दुसऱ्या खड्ड्यालाच रडला असता.

आम्ही चौघं खेळायचो. शब्बीर, मी, ग्रामीण रुग्णालयातून निवृत्त झालेल्या नर्स मंगलताई, आणि गुरांचे डॉक्टर पाटकर. मंगलताई पदर खोचून असा फटका मारत की चेंडू थेट शेजारच्या गावच्या हद्दीत. डॉक्टर सावकाश, मवाळ. आणि आम्हा तिघांच्या डोक्यावर शब्बीरचा तो एकच नियम. चेंडू उकिरड्यात पडला, उकिरड्यातून मार. पाटात पडला, पाटात उतर. मी एकदा म्हशींच्या डबक्यात गुडघाभर उभा राहून चिखल उडवत होतो आणि हा बांधावर बसून शेंगदाणे खात म्हणतोय, "हां, आता बघा. मास्तर आता मारणार. गप बसा सगळी." सगळी गपच होती. बडबडत होता तो एकटाच!

एकदा डॉक्टरांचा चेंडू बसलेल्या म्हशीच्या पोटाखाली गेला. डॉक्टर म्हणाले, उठवतो, माझं रोजचंच काम आहे. शब्बीर आडवा आला. "उठवायची नाय. ती तिच्या मर्जीनं उठंल." मग आम्ही चौघं त्या म्हशीभोवती बसून राहिलो. ती रवंथ करत होती. ऊन चढलं, सुमनने जेवायला हाका मारल्या, म्हैस ढिम्म. माझ्या रागाचा पारा चढला की शब्बीरला आणखी मजा वाटायची. म्हणाला, "बघ रं मास्तर, तिला पण तुझी गंमत वाटतीय."

पुढे डॉक्टरांना कुठूनसं कळलं की शब्बीरने नियम अर्धाच ऐकला होता. चेंडू अडचणीत अडकला तर एक फटका जास्तीचा मोजून तो उचलून बाजूला घेता येतो, अशी खऱ्या खेळात सोय आहे. मला इतका आनंद झाला! मी दुसऱ्या दिवशी मुद्दाम शिळफाट्याला गेलो आणि भर दुकानात, गिऱ्हाइकांसमोर त्याला सांगितलं. त्याने कौल पुसायचं फडकं खाली ठेवलं आणि म्हणाला, "आसंल. पण उचलून ठेवला की मग खेळ कशाला रं? मग घरी बसून च्या पिलेला काय वाईट?" मी चिडलो, ओरडलो, नियम म्हणजे नियम असं बरंच काही बोललो. गिऱ्हाइकं त्याच्या बाजूने! मी बाहेर पडलो तेव्हा माझ्या हातात त्याने दिलेला चहा होता.

आणि तो लबाड नव्हता, हीच खरी पंचाईत. स्वतःचा चेंडू निवडुंगात गेला तरी हा आत घुसायचा. बाहेर यायचा तेव्हा हातापायांवर ओरखडे, शर्टाला भोक, आणि तोंडभर हसू. मंगलताई औषध लावताना शिव्या घालत. "मेल्या, वयाकडे बघ जरा." हा म्हणायचा, "वय कुठं पडलंय ते दाखवा, तिथनं मारतो."

आमची स्पर्धा जानेवारीत, वालाच्या शेंगा भरल्या की. बक्षीस वगैरे काही नाही. हरणाऱ्याने पोपटी लावायची. म्हणजे भांबुर्डीचा पाला तोडून आणायचा, मडक्यात शेंगा, अंडी आणि शब्बीरने आणलेली कोंबडी भरायची, मडकं उपडं करून भोवती जाळ करायचा आणि धुरात डोळे चोळत बसायचं. जिंकणाऱ्याने खाटेवर पडून हुकूम सोडायचे. दर वर्षी धुरात मी आणि खाटेवर शब्बीर. "मास्तर, उजवीकडनं जाळ कमी पडतोय." अरे, तू कधी लावली आहेस का पोपटी? एकदा, फक्त एकदा, मला त्या खाटेवर पडायचं होतं. त्याला धुरात बसलेला बघायचं होतं. निवृत्त माणसाला असतात अशा इच्छा. हसायचं काही कारण नाही.

यंदा ते जमणार होतं. शेवटच्या खड्ड्यात माझा चेंडू गेला तेव्हा मंगलताई आणि डॉक्टर केव्हाच मागे पडले होते. शब्बीरला माझ्याशी बरोबरी करायलाही तीन फटक्यांत चेंडू आत घालायला हवा होता. "हां, आता बघा," म्हणून त्याने काठी फिरवली. चेंडू खड्ड्यावरून, आमच्या डोक्यांवरून गेला आणि पंपाच्या खोलीच्या कौलांवर खडखडला. आम्ही सगळे तो खाली यायची वाट बघत उभे. आला नाही. माझं एक कौल फुटलेलं आहे, त्याच्या कडेला अडकून बसला.

मी नाचायचाच बाकी होतो. दोन फटके शिल्लक, त्यातला एक छपरावरून! "चढ," मी म्हणालो. "जिथे पडला तिथून."

शब्बीर कमरेवर हात ठेवून वर बघत राहिला. मग माझ्यावरच उखडला. "तुला किती येळा सांगितलं, ते कौल बदल म्हणून! दुकान माझं, कौल माझं, तुला फकस्त हो म्हणायचं होतं. बदललं असतंस तर चेंडू घरंगळून खाली आला असता." आणि नंतर जरा हळू, "आज नाय चढत. गुडघा दुखतोय. पुढच्या रविवारी मारतो. चेंडूला हात कुणी लावायचा नाय."

पुढच्या रविवारी लग्न निघालं. त्याच्या पुढच्या रविवारी टेंपो बंद पडला. मग पाहुणे, मग पुन्हा गुडघा. पोपटी अडकून पडली, कारण हरलं कोण तेच ठरेना. वालाच्या शेंगा जून होऊ लागल्या. सुमन मला विचारी, मी त्याला फोन करी, तो म्हणे नक्की. मी म्हणालो, "हरलो म्हण आणि मोकळा हो." तर म्हणे, "हरलो नाय रं, माझा फटका बाकी हाय." शेवटी शेंगा वेलावरच वाळल्या. सुमनने त्यांचे कडवे वाल करून डब्यात भरले. यंदा पोपटी झालीच नाही. मी त्याला काय काय बोललो ते इथे छापता यायचं नाही.

त्याच्या चाळीसाव्याला आम्ही खोपोलीला गेलो. सुमनने बिरड्यासाठी वाल नेले होते. शब्बीरच्या बायकोने, नजमाभाभींनी, डबा उघडून आतले वाल बघितले. मग त्यांनी सांगितलं. स्पर्धेच्या थोडे दिवस आधीच हृदयाच्या डॉक्टरांनी त्याला जिना चढायलाही बंदी केली होती. गुडघ्याला काही झालेलं नव्हतं. हृदय थकलं होतं.

"मग मला का नाही सांगितलं?" माझा आवाज चढला. मयताच्या घरी चढला, काय करणार!

"मी म्हटलं त्यांना, मास्तरांना सांगा," भाभी म्हणाल्या. "तर म्हणाले, त्याला कळलं तर तो लगेच म्हणंल, उचल चेंडू, घे खाली. आयुष्यात पहिल्यांदा जिंकतोय बिचारा आन् सूट देऊन बसंल. मास्तरला सांगू नकोस."

काय म्हणायचं या माणसाला? मी सूट दिली असती का? दिली असती, लगेच दिली असती, हेच तर... आणि तरी हा शहाणा शनिवारी फोन करून शिडी लावायला सांगतो! जिना चढायचा नाही असं डॉक्टरांनी बजावलेला माणूस माझ्या शिडीवर चढणार होता. माझ्या शिडीवरून पडून मेला असता तर मी कुठे तोंड दाखवलं असतं? मी हे सगळं नजमाभाभींना मोठमोठ्याने ऐकवलं, आणि त्या रडता रडता हसल्या. म्हणाल्या, "भांडा. घरात कुणी भांडत नाही हो आता."

निघताना इम्रानने दुकानातून एक नवं कौल आणून माझ्या हातात दिलं. शब्बीरने बाजूला काढून ठेवलं होतं. "अब्बा म्हणायचे, चढणारच हाय तर मास्तरचं कौल पण बसवून येतो. तो काय जन्मात बदलायचा नाय."

ते कौल घेऊन मी घरी आलो. सबंध वाटेत ते मांडीवर धरून बसलो होतो.

आता मे संपत आला. परवा पंपाच्या खोलीची कौलं चाळायला माणूस आला होता. पावसाआधी छपरावरची कौलं काढून, झाडून पुन्हा नीट बसवायची असतात. तो छपराच्या मध्यावर पोचला आणि वरून ओरडला, "मास्तर, हितं एक चेंडू हाय. टाकू का खाली?"

"हात लावू नकोस!"

"आवो, कौल फुटलंय. ते नवं आणून ठेवलंय ना तुमी खाली, तेच बसवतो. चेंडू काढल्याबिगर कसं बसंल?"

नवं कौल शिडीशेजारी भिंतीला टेकवून ठेवलेलं होतं. शिडी मांडववाल्याने दोनदा मागितली, मी दिलेली नाही. बरोबरीला दोन फटके उरलेत. तेवढं कौल बदललं तर माझं छप्पर शाबूत राहील आणि मी जिंकेन. आणि मला जिंकायचं नाही. असं नाही जिंकायचं.

"तेवढं एक कौल राहू दे," मी म्हणालो. "बाकीची चाळ."

"पावसात थेट मोटारीवर गळंल, मास्तर."

"गळू दे!" मी इतक्या जोरात ओरडलो की शेजारच्या बांधावरच्या म्हशीने मान वर केली. "त्याचा फटका बाकी आहे अजून."

तो माणूस पुढच्या ओळीकडे सरकला. मी आत गेलो, तर सुमनने मोटारीवर आधीच एक घमेलं पालथं घालून ठेवलं होतं.