यादीतला हितू

नूतन ही बोदवड तालुक्यातल्या एका गावची अंगणवाडी सेविका, आणि वीस वर्षांपासून गावची बीएलओ, म्हणजे घरोघर फिरून मतदारयादीचं खरंखोटं करणारी. या कामात ती भलती कडक. सरपंचांचा पोरगा पुण्यात घर घेऊन राहिला, तर त्याचं नाव तिने सरपंचांच्याच ओट्यावर बसून, त्यांचाच चहा पिऊन कापलं. दाराला कुलूप दिसलं, तरी तीन फेऱ्या मारल्याशिवाय 'राहत नाही' असा शेरा ती लिहायची नाही.

तिच्या हातून दोनच लबाड्या झाल्या होत्या, आणि दोन्ही एकाच वर्षी. केळीला पाणी द्यायच्या पाळीवरून भांडण पेटलं आणि शेजारच्या मळ्यातल्या तोतारामने तिच्या थोरल्या भावाच्या, हितेंद्रच्या डोक्यात फावडं घातलं. तोतारामला जन्मठेप झाली. त्याचं नाव नूतनने एका फटक्यात कापलं. भावाच्या नावापुढे 'मयत' लिहायला मात्र तिचा हात धजला नाही. दरवर्षी नवी यादी आली की आई, बेबाबाई, विचारायची, "आला का आपला हितू?" नूतन त्याच्या फोटोवर बोट ठेवायची. आई चष्मा लावून कितीतरी वेळ बघत बसायची.

यंदा पडताळणी चालू असताना तोताराम अंगणवाडीच्या दारात येऊन उभा राहिला. सोळा वर्षांनी सुटला होता. केस पार पांढरे झालेले, हातात नाव नोंदवायचा फॉर्म.

"तुह्या दारात याले तोंड नही मले," तो म्हणाला. "पन मी गावात राह्यतो का नही, एवढं तं तुलेच लिहा लागीन."

"ठेवा तिथं," नूतन वर न बघता म्हणाली. मग ती पोरांना खिचडी वाढायला वळली.

दुसऱ्या दिवशी ती तोतारामचा फॉर्म घेऊन तहसीलला निवडणुकीच्या साहेबांकडे गेली.

"साहेब, खून केलेल्याला मताचा अधिकार असतो का?"

"आत असेपर्यंत नाही. शिक्षा भोगून सुटला की असतो. आणि आत गेला म्हणून नाव कापायचं नसतं. याचं कोणी कापलं?"

नूतनने फॉर्म पिशवीत सारला.

"असू द्या. माणूस बरा की वाईट, हे आपण ठरवायचं नाही, बाई. राहतो की नाही, तेवढंच लिहायचं."

परतीच्या बसमध्ये ती मनातल्या मनात साहेबांशी भांडत होती. ज्याने हितूचं मत कायमचं हिरावलं, त्याने रांगेत उभं राहून बोटाला शाई लावून घ्यायची? हा कुठला न्याय? मग तिला सरपंचांचा ओटा आठवला, आणि स्वतःचीच चीड आली.

एका फेरीत काम भागलं असतं, तरी तिने तोतारामच्या घरी तीन फेऱ्या मारल्या. एकदा तरी कुलूप दिसावं, असं तिला फार वाटत होतं. एकदा तो जेवत होता, एकदा खाट विणत होता, एकदा नुसताच बसला होता. तिसऱ्या फेरीनंतर तिने 'राहतो' लिहून सही केली. आणि पेन हातात होतं तोवरच भावाचं नाव कमी करायचा फॉर्मही भरून टाकला. आईला सांगायचा धीर झाला नाही.

नवी यादी आली. आई चष्मा पुसून जवळ सरकली.

"आला का आपला हितू?"

"नही, माय."

आईने यादीकडे हात केला नाही. एवढंच विचारलं, "आन् तो?"

"तो आला."

आईने चष्मा काढून पदरात गुंडाळला. "सोया वर्सं हितूले जितं ठेवलं तू," ती म्हणाली. "आता त्या खुन्याच्याच पायी मारलं."

नूतनने यादी मिटली. वाटायच्या मतदार चिठ्ठ्या समोर पडल्या होत्या. त्यात तोतारामची होती, आणि ती त्याच्या घरी तिलाच नेऊन द्यायची होती.