डोळ्यातला गळ

मला लिहायची सवय नाही, चुकलं तर सांभाळून घ्या. माझी बायको आर्डिस मॅडिसन शहरातल्या संशोधन केंद्रात तीस वर्षं डोळ्याच्या पडद्याचे फोटो तपासायची. मधुमेहात तिथल्या बारीक रक्तवाहिन्या कुठे फुगल्या, कुठे पाझरल्या, ते मोजायची. फोटोवर नाव नसे, नुसता नंबर. डोळा ओळखीचा वाटला तर फोटो दुसऱ्याकडे द्यायचा आणि बाहेर चकार शब्द काढायचा नाही, असा नियम.

मधुमेह मलाही होता आणि त्या केंद्राच्या अभ्यासात मीही नाव दिलं होतं, म्हणजे माझ्या डोळ्यांचे फोटोही तिथेच जात. माझ्या उजव्या डोळ्यात एक शीर गळासारखी वळलेली आहे. पूर्वी डॉक्टरांनी ती दाखवली तेव्हा आर्डिस हसली होती, "मासेमाऱ्या, इथेही गळ टाकलास!"

एका शुक्रवारी आम्ही नेहमीच्या ठिकाणी तळलेले मासे खायला गेलो. ती मासा नुसता चिवडत होती, सारखी खुर्चीत चुळबुळत होती.

"हार्लन, समोरची पाटी वाच."

"कॉड संपला. दर शुक्रवारी तेच."

"पाठ आहे तुला, लबाडा. डावा डोळा झाकून वाच."

झाकला. मधली अक्षरंच दिसेनात.

"आर्डिस, गळ दिसला का तुला?"

"मी काही पाहिलेलं नाही. सोमवारी डॉक्टरांकडे जायचंय. खा आता."

तिने स्वतःचा मासा माझ्या बशीत सरकवला.

डोळा वाचला. गळ पाहिल्याचं तिने अजून कबूल केलेलं नाही.