डाव्या कानाला सांगितलेलं

शहरातल्या बाजारात बॉम्ब फुटला तेव्हा मी साडीच्या फॉलच्या रंगावरून दुकानदाराशी भांडत होते. मला पोपटी हवा होता, तो शेवाळी गळ्यात मारत होता. भुईवर आपटले आणि आधी काय केलं, तर पदर सारखा केला. माणसं किंचाळतायत, धूर कोंडलाय आणि बाईसाहेबांना लाज! तेव्हाची ती मी, ती ठमाबाई, आज मला भेटली तर दोन धपाटे घालीन. डावा कान तेव्हापासून ठार बहिरा. दंडातली काच थंडीत अजून ठणकते.

पुढं कळलं, बॉम्बचं सामान मोटारसायकलवरून पोचवणारा आमच्या कुंडल गावचाच, आमच्याच गल्लीतला. त्याला जन्मठेप झाली. त्याची आई तेव्हापासून भिंतीच्या कडेकडेनं चालते. तिच्यावर माझा राग नाही. मला एवढंच हवं होतं, त्यानं समोर बसून सांगावं, का केलं. कोर्टात तो तोंडच उघडत नव्हता.

यंदा बाप वारला म्हणून तो पॅरोलवर आला. तेरावं उरकल्यावर आईला घेऊन आमच्या घरी. केस पार पिकलेले. आई दारातच थांबली, हा आत आला आणि वाकून पाया पडला. आणि माझं हे तोंड! पायाशी कुणी वाकलं की हात डोक्यावर जातोच. "औक्षवंत हो," म्हणून बसले. जीभ चावली, पण शब्द गेला तो गेला.

मग तो नेमका माझ्या डाव्या अंगाला बसला. मान खाली घालून बोलू लागला. ओठ हलत होते, बराच वेळ हलले. मी म्हणाले, "आरं, इकडच्या बाजूला ये. त्या कानानं मला ऐकू येत न्हाई. परत सांग."

त्यानं माझ्याकडं पाहिलं. माझा कान गेलाय, हे त्याला ठाऊकच नव्हतं. तोंडाला रुमाल लावून उठला आणि चालता झाला.

संध्याकाळी गल्लीच्या व्हॉट्सॲपवर फिरलं, काकूंनी माफ केलं. वर फुलं, जोडलेले हात. सून म्हणाली, "आत्या, लय मोठं मन हाय तुमचं."

"मन घाल चुलीत! मला कायबी ऐकू आलेलं न्हाई."

"आवं, पर आशीर्वाद दिलासा न्हवं?"

हिला काय सांगणार, कपाळ!

तो तुरुंगात परत गेल्यावर त्याच्या आईला पिठाच्या गिरणीत गाठलं. म्हटलं, "तू दारात हुतीस. काय म्हणाला गं त्यो?"

ती डब्याचं झाकण लावत राहिली. लागेना. मग म्हणाली, "आक्का, मला त्यानं कवाच सांगितलं न्हाई. दारातनं कान लावला, पर लय बारीक बोलत हुता. म्हटलं, तुमास्नी तरी थोडंफार कळलं आसंल. तुमालाच इचारावं म्हणत हुते."

तो पुन्हा कधी येईल ते तिलाही माहीत नाही. आणि गल्लीच्या लेखी सगळं मिटलंय.