ऐकायला फुकट, न्यायला पैसा

यशवंतभाऊंचे किस्से आमच्या धुळ्याच्या ख्रिस्ती मंडळीत इतके साठलेत, की उपासना संपली तरी बायका देवळाच्या पायरीवरून हलत नाहीत. एकीने एक सांगितला की दुसरीला दोन आठवतात. उपदेश मात्र कुणालाच आठवत नाही. तो माझ्या वडिलांचा असतो! आबा मंडळीच्या पंचांतले मुख्य, आणि भाऊंवर त्यांचा पहिल्यापासून राग.

भाऊ आधी चहाच्या कंपनीत होते. बैलगाडीवर कर्ण्याचा फोनो लावायचा, बाजारात गर्दी जमवायची, चहा पाजायचा, पुड्या विकायच्या. ख्रिस्ती झाल्यावर आबांनी त्यांच्या हाती शुभवर्तमानाच्या पुस्तिकांचा गठ्ठा दिला. "शिरपूरच्या बाजारात वाटून या."

भाऊंनी वाटल्या. संध्याकाळी त्याच बाजारात शेंगदाणे घेतले, तर पुडी शुभवर्तमानाची!

"लोकांची मनं कठीण," आबा म्हणाले.

"मनं नाही हो आबा, रीत चुकली. चहा प्यायला फुकट होता, पण पुडी न्यायची तर पैसे मोजावे लागत. विकत घेतलेल्या चहाने कुणी भांडी घासत नाही!"

पुढच्या बाजारापासून पुस्तिकेला एक पैसा. शेंगदाणे पुन्हा जुन्या वर्तमानपत्रात गेले.

*

आबांची पद्धत अशी, की उभं राहायचं आणि तासभर लोकांना त्यांची पापं सांगायची. भाऊ एकदा शांतपणे म्हणाले, "आम्ही गिऱ्हाइकाला 'तुझ्या घरचं पाणी घाण' असं कधी म्हटलं नाही. आधी कप हातात द्यायचो."

आबा आठवडाभर त्यांच्याशी बोलले नाहीत. मला वाटतं, तो आठवडा भाऊंना बरा गेला असावा.

*

मग भाऊंनी जात्यावरच्या चालीवर अहिराणीत भजनं बांधली. एक म्हातारी ऐकून म्हणाली, "आज बठ्ठं समजनं, भाऊ!" बठ्ठं म्हणजे सगळं.

आबा कडाडले, "धर्माची भाषा शुद्ध हवी."

मी तेव्हा नुकतीच पुण्याहून बी.ए. होऊन आले होते. म्हटलं, "आबा, येशूच्या कोळी शिष्यांना व्याकरण कुणी शिकवलं होतं?"

त्या दिवशी मला जेवायला कुणी हाक मारली नाही. मी आपली जाऊन बसले!

*

काशिनाथआप्पा शिरपूरकडचे कापूसवाले शेतकरी. पुस्तक घेताना त्यांनी विचारलं, "पटनं नही तर?"

"परत आणा. पैसा परत."

पंधरा दिवसांनी आप्पा खरंच आले. "वाचं. पटनं नही. म्हने एक गालवर मारं तर दुसरा पुढे करा. मना शेजारी बांध कोरस, मनी जमीन दाबस. त्याले दुसरा बी बांध देऊ का?"

भाऊ म्हणाले, "ते मलाही जड जातं, आप्पा." आणि त्यांनी पैसा परत केला.

आप्पांनी पैसा घेतला. पुस्तक मात्र काखेतच राहिलं!

*

हे ऐकून आबांनी पंच बसवले. "देव म्हणजे साबणाची वडी नव्हे. यशवंतराव, इतक्या वर्षांत तुमच्या हातून बाप्तिस्मे किती?"

"एकही नाही, आबा."

झालं! गाडी आणि फोनो काढून घ्यायचं ठरलं. भाऊंचं सगळं आयुष्य त्या गाडीवर, पण ते मान खाली घालून बसून राहिले. मीच दारातून ओरडले, "आधी एक बाजार तुम्ही करून दाखवा, मग गाडी काढा!"

आबा पेटले. पुढच्या बाजाराला गाडीवर ते आणि मी. फोनोवर त्यांनी धोतराचं पान टाकून ठेवलं आणि पापांवर सुरुवात केली. माणसं एकेक करत गुळाच्या दुकानाकडे सरकली. शेवटी समोर आमचे दोन बैल उरले.

तेवढ्यात काशिनाथआप्पा आले. बरोबर एक ओशाळलेला गृहस्थ.

"पुस्तकवाले भाऊ आज नही का? हाऊ मना शेजारी. बांध कोरनारा. याले बी एक पुस्तक द्या."

आबांचा चेहरा उजळला. त्यांनी लगबगीने पुस्तक पुढे केलं. "घ्या, घ्या! फुकट!"

शेजाऱ्याने हात मागे घेतला. "फुकट? मंग खराब शे का?"

आबांनी माझ्याकडे पाहिलं. मी बैलांकडे पाहिलं.

आबांनी घसा खाकरला. "एक पैसा," ते म्हणाले.

पैसा त्यांनी नीट खिशात ठेवला. मग धोतराचं पान बाजूला करत, माझ्याकडे न बघता विचारलं, "याला किल्ली कुठून देतात गं?"