आबांचा डावा हात

घशाच्या ऑपरेशननंतर आबांचा आवाज गेला, तो गेलाच. मी धुळ्याला कॉलेजात शिकवते, आबा चोपड्याजवळच्या आमच्या गावात एकटे. माझ्याकडे चला म्हटलं की हातानेच नको म्हणतात. मीच तिकडे येऊन राहते म्हटलं, तर त्यालाही नको. शेजारची काकू फोनवर सांगते, "तुना आबानं बठ्ठं बरं शे." सगळं बरं आहे म्हणजे काय, हे ज्यांनी सांगायचं त्यांना बोलता येत नाही. बोलता येत होतं तेव्हा तरी कुठे सांगत होते म्हणा! आबांना एकट्याला खरंच जमतंय का, एवढंच मला कळायला हवं होतं.

त्यात माझी पीएचडी. विषय काढला की लोक चहा संपवून उठतात, म्हणून थोडक्यात सांगते. व्हिडिओ लहान करायचा तर प्रत्येक चित्र नव्याने साठवत नाहीत. आधीच्या चित्रातलं काय कुठे सरकलं तेवढं शोधतात. हे शोधणंच मेलं फार वेळ खातं. वेव्हलेट नावाच्या गणिताने चित्राचे थर पडतात, काही ढोबळ, काही बारीक. माझी युक्ती अशी, की आधी ढोबळ थरात बघायचं आणि तिथे जे हललेलं दिसत नाही ते स्थिर धरून पुढे जायचं. वेग झकास वाढला. गाईड खूश, मी तर हवेतच होते.

तपासायला खऱ्या हालचालीचा व्हिडिओ हवा होता. गेल्या खेपेला गावाहून निघताना अंगणातल्या बाजेवर मोबाइल टेकवला आणि ओट्यावर बसलेल्या आबांचं, मागच्या केळीसकट, शूटिंग लावून दिलं. मी आपली पिशवी भरत होते. आबा उजवा हात झाडत होते: निघ, गाडी चुकेल. मी निघाले.

कॉलेजात तो व्हिडिओ प्रोग्रॅममधून काढला. नंतर मूळ चित्रातून लहान केलेलं चित्र वजा करून बघतात. जिथे पांढरं उमटेल तिथे आपण चुकलो. मला वाटलं, वाऱ्यावरची केळीची पानं छळणार. ती तर बरी निघाली. आबांचा उजवा हातही अगदी नेमका आला होता. पांढरा डाग होता तो त्यांच्या मांडीशेजारी. हे काय आता भलतंच, म्हणून वैतागून मूळ व्हिडिओ मोठा करून लावला. डावा हात होता. बोटांनी ते शेजारची जागा हळूहळू थोपटत होते. बस म्हणत होते मला. एवढीशी हालचाल ढोबळ थरात दिसलीच नव्हती, म्हणून प्रोग्रॅममधून निघालेल्या चित्रात तोच हात ओट्यावर नुसता पडून होता. मला रडू फुटलं. लॅबमध्ये पोरं बसलेली होती, बसू देत.

शनिवारी गावी गेले आणि आबांना दोन्ही व्हिडिओ दाखवले. ते बघत राहिले, मग उजव्या हाताने उडवून लावलं, काहीतरीच तुझं.

मी म्हटलं, "आबा, खरं सांगा. एकट्याने जमत नाही ना?"

उजवा हात पुन्हा वर गेला. अर्ध्यावरच थांबला. मग आबांनी दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं. आवाज नसलेल्या माणसाचं रडणं ऐकू येत नाही, त्यांचे खांदे तेवढे हलत होते. मी जवळ बसून राहिले. धुळ्याची गाडी गेली.