ओटीत नसलेली खारीक

गेल्या महिन्यात लक्ष्मीपुरीच्या बाजारात गेले होते, लेकीच्या बाळंतपणाचं सामान आणायला. डिंक, खोबरं, अळीव सगळं घेऊन झालं. खारकेपाशी आले आणि माझ्यातली सुपरवायझर जागी झाली...

बावीस वर्षं शाळेत शिकवतेय. परीक्षेला पोरांच्या बाह्या आणि कंपासपेट्या तपासून तपासून स्वभावच संशयी झालाय माझा. घरचे चिडवतात, पण त्याला इलाज नाही.

त्यात आमच्या कॉलनीतल्या बायकांच्या ग्रुपवर वातावरण तापलेलं. पाकिस्तानचा माल सरकारनं बंद केला, दुबईमार्गे आला तरी चालणार नाही म्हणाले. मला तो निर्णय शंभर टक्के पटला, आजही पटतो. पण आपल्याकडची बरीचशी खारीक तिकडूनच यायची, हे मला ग्रुपवरच कळलं. इतकी वर्षं ओटीत घालत होतो की आम्ही!

आमचे दुकानदार म्हणजे अण्णा. माझं लग्न झाल्यापासून किराणा त्यांच्याकडचाच. दुकानात त्यांच्या पत्नीही असतात, त्यांना सगळे अक्का म्हणतात. राहतात आमच्याच कॉलनीत, मागच्या गल्लीत.

"अण्णा, ही खारीक कुठली?"

"चांगली हाय बाई, न्या की."

"चांगली आहे ते दिसतंय हो. कुठली आहे?"

अण्णा जरा थांबले. मग म्हणाले, "ठोक व्यापाऱ्याकडनं घेतोय आम्ही. बंदीच्या आदीचं पोतं हाय. त्याच्या म्हागचं मला न्हाय म्हाईत."

थांबले म्हणजे पाणी मुरतंय, असं मी ठरवूनच टाकलं. पोतं दाखवा म्हटलं. दाखवलं, तर त्यावर लेबलच नाही... म्हणजे काढून टाकलं असणार! शेजारी गगनबावड्याचे एक पाव्हणे चहापत्ती घेत होते. ते म्हणाले, "अवो बाई, खारकंला काय पासपोर्ट असतोय व्हय?" सगळे हसले. मला भयंकर राग आला.

मी पोत्याचा फोटो काढला, खारीक न घेता बाहेर पडले आणि रिक्षात बसल्या बसल्या ग्रुपवर टाकलं... 'अण्णांच्या दुकानात तिकडची खारीक अजून विकतायत. सावध राहा!' प्रश्नचिन्हसुद्धा टाकलं नाही. घरी पोचेपर्यंत अंगठे आणि झेंडे यांचा नुसता पाऊस. एकीनं लिहिलं, असल्यांकडून काहीच घ्यायला नको. ते मला जरा जास्त वाटलं, पण मी गप्प बसले. खरं सांगते, आपण काहीतरी मोठं काम केलं असंच वाटत होतं.

पुढच्या आठवड्यात दोनदा दुकानावरून गेले. एरवी पाय ठेवायला जागा नसते तिथं अण्णा एकटेच पेपर वाचत बसलेले. मी मान फिरवून पुढे गेले.

मग बारसं आलं. अक्कांना आमंत्रण आधीच दिलं होतं. त्या येणार नाहीत असं धरून चालले होते, आणि त्या आल्या! मुरगूडहून लेकीच्या सासूबाई आलेल्या, त्यांचं सगळं गणगोत आलेलं. आता अक्का चारचौघींत माझी शोभा करणार, याची मला खात्रीच होती. अक्का कुणाशी काय बोलतात याच्यावर मी पूर्ण वेळ डोळा ठेवून होते.

पाळण्यात बाळाला घातलं, नाव झालं, ओटी भरायला सुरुवात झाली. अक्कांनी खण ठेवला, नारळ ठेवला, गहू घातले. हळकुंड, सुपारी, बदाम... आणि हात जोडले.

विहीणबाईंची नजर माझ्यापेक्षा कडक. "अवो, खारीक कुटाय? बाळंतिणीची ओटी अशी भरत्यात व्हय?"

ग्रुपमधल्या सात-आठ जणी तिथंच होत्या, सगळ्या बाळाकडं बघायला लागल्या.

अक्कांनी माझ्याकडं पाहिलंसुद्धा नाही. "विसरलंच की वो!" म्हणाल्या.

"दुकान घरचं, आन् खारीक विसरलासा?" विहीणबाई म्हणाल्या आणि सगळी खोली हसली. अक्काही हसल्या.

मी हसले नाही, पण बोललेही नाही.

त्या निघाल्या तेव्हा फाटकापाशी गाठलं. विचारलं, "अक्का, का नाही घातली?"

"तुम्हास्नी चालत न्हाय न्हवं," अगदी साधेपणानं म्हणाल्या. "लेकराच्या कामात तुमच्या मनात किंतु नको. आन् ते पोतं परत धाडलंय यांनी. उगं कटकट नको म्हणून."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

दुसऱ्या दिवशी दुकानात जाऊन अण्णांची माफी मागितली. "असू द्या बाई," एवढंच म्हणाले आणि गूळ कागदात बांधायला लागले. ग्रुपवरची पोस्ट काढून टाकली, पण ती कुठं कुठं गेली असेल कोण जाणे.

ती खारीक कुठली होती, मला अजूनही माहीत नाही. संशय गेलाय असंही नाही, खोटं कशाला बोलू? बंदी हवी, चौकशीही हवी, आणि ती मी यापुढेही करणार. पण मला माहीत नव्हतं तरी मी माहीत असल्यासारखं लिहिलं, आणि त्याची शिक्षा मला नाही, अण्णांना झाली.

विहीणबाई, तुम्हीही हे वाचाल. त्या दिवशी तुमच्यासमोर माझं तोंड उघडलं नाही, म्हणून आज सगळ्यांसमोर सांगते... अक्का विसरल्या नव्हत्या. त्यांनी मला झाकून घेतलं.